देव आपल्याला कुठं उभं करतो?

(कोल्हापुरात युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



देव आहे की नाही, या वादात आज मी पडणार नाही. माझा सवाल वेगळा आहे. तुमचा देव मला कुठं उभं करतो?

माझी आजी अंबाबाईला हात जोडायची. लांबनं, कळसाकडं बघून. मंदिराचं दार कायद्यानं उघडलं होतं, तिचे पाय मात्र रस्त्यावरच थांबायचे. मी विचारलं, ‘आज्जे, आत का जात न्हाईस?’ म्हणाली, ‘देवी सगळीकडं हाय बाळा.’ सगळीकडं असलेली देवी दाराशीच का अडते, हे कुणा पंडितानं मला आजवर सांगितलेलं नाही.

पंडितांकडं तत्त्वज्ञान ढीगभर. पुरुषसूक्तात एका पुरुषाच्या अंगातून चार वर्ण निघाले. तोंडातून ब्राह्मण, पायातून शूद्र. आपण तर त्या अंगातही नाही. शंकराचार्य म्हणाले, ब्रह्म एकच, जग माया. ऐकायला झकास! पण त्याच आचार्यांनी ब्रह्मसूत्रावरच्या भाष्यात शूद्राला वेदाचा अधिकार नाकारला. म्हणजे जग खोटं, जात तेवढी खरी!

आणि हे पोथीतच राहिलं काय? इथंच, पंचगंगेवर, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शाहू महाराजांच्या स्नानाला भटजीनं पुराणोक्त मंत्र म्हटले. वेदोक्त नाकारले. त्याच्या लेखी छत्रपतीही शूद्र. राजाची ही गत, तर महारवाड्याची काय? महाराज गप्प बसले नाहीत. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. जोतीरावांचा ‘निर्मिक’ सगळ्यांना घडवणारा, आणि त्याला दलाल लागत नाही.

इस्लामचा अल्ला एक, निराकार. मशिदीत खांद्याला खांदा. ख्रिस्ताचा देव सगळ्यांचा बाप. तरी या देशात तिथंही जात शिरलीच. आपल्या जिल्ह्यातले जैन जगाचा कर्ता मानत नाहीत, पण चतुर्थ-पंचम त्यांच्यातही आहेत. म्हणजे देव मानून जात जात नाही, आणि नुसता नाकारूनही जात नाही. हे नीट ध्यानात घ्या.

बुद्धानं तेविज्ज सुत्तात विचारलं, ब्रह्म्याला डोळ्यांनी पाहिलेला एक तरी ब्राह्मण आहे काय? नाही. मग ही आंधळ्यांची रांग. पण बुद्ध तिथं थांबला नाही. देवाच्या जागी त्यानं माणसाचं माणसाशी वागणं ठेवलं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत देवांना नकार आहे, आणि सगळी माणसं समान मानण्याची प्रतिज्ञाही आहे.

पहिली आपल्याला तोंडपाठ. दुसरीचं काय? सोयरीक जुळवताना पोटजात विचारतोच ना आपण? बाबासाहेबांच्या फोटोला उदबत्ती लावली, की झाला धम्म? भटजीला शिव्या घालणं सोपं आहे, गड्यांनो.

आजी गेली. तिचा सवाल माझ्याकडं राहिलाय. आज घरी गेल्यावर एवढंच बघा, आपल्या दारापुढं कोण अजून लांबनं हात जोडून उभं आहे.

जय भीम!