दुसरी बासरी



व्याख्यानमालेत वेदान्तापासून कापसाच्या भावापर्यंत सर्व विषय येऊन जातात. त्यात बासरीच्या खरेदीलाही एक संध्याकाळ मिळाली, याबद्दल चालकांचे आभार मानून आम्ही सरळ विषयाला हात घालतो.

भरतमुनींनी वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, घन आणि अवनद्ध. त्यांतील सुषिर, म्हणजे फुंकीची वाद्ये, ही आमची बिरादरी. वणी, पुसद, दारव्हा, उमरखेड, कोठलेही गाव घ्या. वरातीपुढे क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन फुंकणारा जो मनुष्य आपण पाहता, तोच पुष्कळदा रात्री गाण्यांच्या कार्यक्रमात चंदेरी की-फ्लूट तोंडाला लावून बसलेला असतो. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ही परंपरा मोठी आहे. मनोहारी सिंग (१९३१–२०१०) यांचा सॅक्सोफोन सर्वांच्या कानांत आहे. पण तेच गृहस्थ की-फ्लूटही तितक्याच अधिकाराने वाजवीत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

अशा माणसाची पहिली बासरी बहुधा शिकाऊ असते: स्वस्तातली, कोणाकडून तरी आलेली. चार-पाच वर्षांनी तो म्हणतो, आता जरा वरच्या प्रतीची घेऊ. येथे प्रश्न सुरू होतो. कारण हा पैसा एका लग्नसराईची शिल्लक असतो, आणि डी.जे.च्या भिंतींपुढे बँडच्या सुपाऱ्या कमी झालेल्या दिवसांत ती शिल्लक पुन्हा जमेल याची खात्री नसते. चूक झाली तर ती घरातल्या पोरांच्या फीपर्यंत पोहोचते.

काही श्रोते म्हणतील, वेळूची बासरी काय वाईट? मुळीच नाही. पन्नालाल घोषांनी लांब बासरीवर जे उभे केले त्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु वेळूची बासरी एका पट्टीची; गायिका काळी पाचवरून पांढरी दोनला आली की वादकाला पिशवीतून दुसरी काढावी लागते. की-फ्लूटमध्ये बाराही स्वर एकाच नळीत बसतात. ही करामत थिओबाल्ड बोएम या म्यूनिकच्या गृहस्थाची. मूळचा सोनारकामातला, आणि स्वतः बासरीवादक. १८३१ साली लंडनमध्ये निकल्सन नावाच्या वादकाची मोठ्या भोकांची बासरी त्याने ऐकली, पुढच्याच वर्षी नवी रचना केली, आणि १८४७ साली सरळ नळीची धातूची बासरी सिद्ध केली. आजची बासरी मुख्यतः तीच. गंमत अशी की क्लॅरिनेटची ‘बोएम पद्धत’ बोएमने केलीच नाही. ती पॅरिसच्या क्लोझे आणि ब्यूफे यांची. नाव मात्र याचे लागले.

आता क्लॅरिनेटवाल्याची अडचण नीट समजून घ्या, कारण खरेदीचा सारा विचार तिच्यावर उभा आहे. क्लॅरिनेटवर सा लावून वरची किल्ली उघडली तर तार सा येत नाही, एकदम तार सप्तकातला पंचम येतो. नळी सरळ आणि एका टोकाने बंद असल्याप्रमाणे वागते, म्हणून असे होते. बासरी दोन्ही टोकांनी उघडी. तिच्यावर साचा सा होतो. सॅक्सोफोनवरही सप्तकच बदलते, कारण त्याची नळी शंकूसारखी रुंदावत जाते. म्हणून सॅक्सोफोनवाल्याची बोटे बासरीवर घरी आल्यासारखी वागतात. क्लॅरिनेटवाल्याच्या बोटांना खालच्या सप्तकात सासर-माहेर सांभाळावे लागते. ओठांचे तर सर्वांचेच हाल. रीडच्या वाद्यात खालचा ओठ दातांवर घट्ट धरावयाचा. बासरीत तोच ओठ सैल सोडून वाऱ्याची पातळ पट्टी समोरच्या काठावर मारावयाची. अर्धा तास क्लॅरिनेट फुंकून आलेला ओठ ताबडतोब हे ऐकत नाही.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की दुकानात ताज्या ओठाने बासरी पारखू नये. आपले क्लॅरिनेट बरोबर न्यावे, पंधरा-वीस मिनिटे ते वाजवावे, आणि लगेच एकेक बासरी उचलावी. जी पहिल्या फुंकीत बोलेल ती आपली. दिवसभर केवळ बासरीच वाजविणाऱ्याला जी श्रेष्ठ वाटते ती कधीकधी फार जाड, अडून बसणारी असते. तिला रोज दोन तासांचा रियाज लागतो, आणि तीन वाद्ये सांभाळणाऱ्याकडे ते दोन तास नसतात.

बासरी बोलते ती डोक्याच्या भागाने, म्हणजे जेथे तोंड लावतो त्या तुकड्याने. त्याच्या भोकाची कड कशी कापली आहे यावर बहुतेक सर्व अवलंबून असते. दुकानदार मात्र चांदीचे बोलेल. येथे दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्या. जर्मन सिल्व्हर या नावात चांदी आहे, धातूत नाही. ते तांबे, जस्त आणि निकेल. दुसरी अशी की कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७१ साली चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या सारख्याच घडणीच्या बासऱ्या वाजवून घेतल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. चांदीचे डोके बहुधा अधिक काळजीने कापलेले असते म्हणून चांगले लागते. पैसे त्या कापणीचे द्यावेत. अंगही चांदीचे हवे, हा हट्ट आमच्या मते या पायरीवर सोडावा.

मग भोकाच्या किल्ल्या की बंद किल्ल्या? येथे पुष्कळ मंडळी भलतीच मोठी चर्चा करतात. उघड्या भोकांवरून बोट घसरवून मींड काढता येते, आणि आमच्या नाट्यपदांना व भावगीतांना मींड हवीच. क्लॅरिनेटवाल्याची बोटे भोके झाकण्याला सरावलेली असतात, त्याने खुशाल उघड्या घ्याव्यात. सॅक्सोफोनवाल्याने बंद घ्याव्यात. किंवा उघड्या घेऊन भोकांत बुचे घालावीत आणि सवड होईल तसे एकेक काढावे. शेपटीचा लांब तुकडा, जो खाली पांढरी सातपर्यंत नेतो, तो एका स्वरासाठी वजन वाढवितो. आमच्या कामात त्याची गरज पडत नाही. तिसऱ्या सप्तकातील पांढरी तीन सोपी करणारी एक जोड-यंत्रणा असते. ती मात्र घाईत बासरी उचलणाऱ्याला खरोखर उपयोगी पडते.

या जिल्ह्याचा एक खास मुद्दा आहे, तो उन्हाळ्याचा. मे महिन्यात यवतमाळला पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि लग्ने नेमकी तेव्हाच. नळीतली हवा दहा अंशांनी तापली की स्वर सुमारे पावणेदोन टक्के चढतो, म्हणजे अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. पेटी तशी चढत नाही. परदेशी बासऱ्यांपैकी बऱ्याच ४४२ कंपनांच्या मेळावर बांधलेल्या असतात. ४४० ची मिळत असेल तर आपल्याकडे तीच घ्यावी, म्हणजे डोके बाहेर ओढून स्वर उतरवायला थोडी अधिक जागा राहते. डोके फार ओढले तर सप्तकच वाकडे होते. उलट थंडीत बासरी उतरते, म्हणून क्लॅरिनेट वाजत असताना मांडीवर पडलेल्या बासरीत स्वर न काढता ऊब फुंकून ठेवावी. पॅडांना आमची कोरडी हवा आणि धूळ दोन्ही बाधतात.

आणि पॅडांवरून आठवले. दुसरी बासरी घेण्यापूर्वी पहिली एकदा जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्यावी. पॅडाखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून, किल्ली हलकेच दाबून ती ओढून पाहावी. सहज सुटली तर तेथून वारा जातो. डोक्यातले बूच भोकाच्या मध्यापासून सतरा मिलिमीटरवर आहे का, हे सफाईच्या काडीवरील खुणेने कळते. पुसदकडच्या एका क्लॅरिनेटवाल्याने आमचा सल्ला विचारला तेव्हा आम्ही त्याला एवढेच करावयास लावले. दोन पॅड गळत होते. ते बदलल्यावर त्याच्या शिकाऊ बासरीचा खालचा षड्ज मोकळा लागू लागला आणि त्याने खरेदी एक हंगाम पुढे ढकलली. पुढे त्याने वापरलेलीच, पण चांदीच्या डोक्याची घेतली. किमतीत नव्या पॅडांचा खर्च मिळवूनच सौदा केला. नुसते डोके वेगळे घ्यावयाचे असेल तर मात्र आपली बासरी बरोबर न्यावी, कारण सांध्यांची मापे कारखान्यागणिक केसभर निराळी असतात.

समोर मेजावर दोन बासऱ्या ठेवल्या आहेत, एक शिकाऊ आणि एक त्यापुढची. अध्यक्षांचे भाषण झाल्यावर आम्ही पडद्यामागून दोन्ही वाजवू. कोणती केव्हा वाजली ते आपण कागदावर लिहून द्यावे.