एकाच दिवाणखान्यांत संगीत आणि चित्रपट

संगीत ऐकावयाचें तर दोन ध्वनिक्षेपक पुरेसे. घरीं चित्रपटाचा थाट हवा तर पांच तरी लागतात. शहरांतील घराला दिवाणखाना मात्र एकच! मग गाण्यानें चित्रपटाला जागा सोडावी कीं काय?

वास्तविक हीं एकाच घरचीं भावंडें आहेत. स्टीरिओची कल्पना ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला बोलपटावरूनच सुचली. नट पडद्याच्या एका टोकाला जाई, आवाज मात्र जागचा हालत नसे! त्यावरील उपायासाठीं त्यानें १९३१ सालीं पेटंटचा अर्ज केला.

आजही दोहोंचें गणित जुळतें. डावा व उजवा ध्वनिक्षेपक आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. म्हणजे समोरच्या रेषेपासून दोहों बाजूंस ३० अंश. पांच ध्वनिक्षेपकांच्या प्रमाणित मांडणींतही पुढच्या जोडीचा कोन हाच. संवादांसाठीं मधला आणि बाजूंस किंचित् मागें दोन, एवढीच काय ती भर.

तेव्हां पहिला पैसा पुढच्या जोडीवर खर्चावा. पडदा तिच्या मधोमध, पण मागच्या भिंतीलगत असावा. गाणें लागलें कीं बाकीचे ध्वनिक्षेपक मुके करावेत. जेथें ही जोडी नीट बसली, तेथें गाण्याला उठावें लागत नाहीं. चित्रपटच त्याच्या बैठकीला येऊन बसतो.