आजोबांचा दाढीचा ब्रश

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल. मी म्हटलं, त्यावर हल्ली रोज कुणीतरी बोलतंय, मी दाढीच्या ब्रशवर बोलते. फोनवर जरा वेळ शांतता. मग पलीकडून विचारणा झाली, "तू? दाढीच्या ब्रशवर?" तर त्याचं हे उत्तर.

तुमच्यातले जे आमच्या घरी आलेले आहेत, त्यांना न्हाणीघराबाहेरचा आरसा आठवत असेल. त्याच्याखालच्या फळीवर तो ब्रश असायचा. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर गेले आणि परत येताना जे थोडं सामान आलं त्यात हा ब्रश होता. मूठ तेव्हा म्हणे हस्तिदंती रंगाची होती, आता जुन्या तुपासारखी पिवळी झाली आहे. आजोबांच्या माघारी तो बाबांकडे आला.

दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली. उजवा हात वाचला, पण त्यातला जोर कमी झाला. मी राहते न्यू जर्सीत. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर मला त्यांच्या गालावरचे पांढरे खुंट दिसायचे. ब्रशच्या मधोमध टक्कल पडलं होतं, साबण धरायचा नाही. भावाने फोमचा डबा आणला, बाबांनी तो सरकवून ठेवला. दुसऱ्याने दाढी केलेलीही नको. भाऊ म्हणाला, नवा ब्रश साठ रुपयांना मिळतो. बाबा म्हणाले, "हाच दुरुस्त होतो का बघ." झटक्यानंतर त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट. त्या सुट्टीत मी ब्रश पर्समध्ये घालून नेला.

आता थोडं तांत्रिक. मुठीत एक खळगा असतो आणि त्यात बुडाशी डिंकाने घट्ट बांधलेला केसांचा झुबका चिकटवलेला असतो. इंग्रजीत त्याला नॉट म्हणतात. मूठ शंभर वर्षं टिकते, झुबका टिकत नाही. म्हणून अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये हौशी लोक जुन्या मुठी शोधतात, जुने केस कापून खळगा कोरून काढतात आणि नवा झुबका बसवतात. नवे झुबके सुटे विकत मिळतात. आमच्या घरापासून फार लांब नाही असं नेवार्क शहर आहे, तिथे रबरसेट नावाची ब्रशची नावाजलेली कंपनी होती. केस रबरात पक्के बसवायचे, म्हणून ते नाव. तिकडच्या जुन्या बाजारात असले ब्रश दोन-चार डॉलरला मिळतात. मी आधी त्यांच्यावर हात साफ करायचं ठरवलं. पहिल्याच ब्रशचा डिंक सैल करायला मी हेअर ड्रायर लावला, तर मूठच वाकडी झाली. ती सेल्युलॉइडची निघाली. सेल्युलॉइड पेटतंही, त्यामुळे मी स्वस्तात सुटले. त्या दिवसापासून मुठीला आच लावणं बंद.

आजोबांच्या मुठीवरचं कंपनीचं नाव झिजून गेलं आहे. भिंगाने एकच शब्द लागला, ‘स्टरिलाइज्ड’. दाढीच्या ब्रशवर हे कशाला? तर पहिल्या महायुद्धात बॅजरचे केस मिळेनासे झाले, तेव्हा घोड्याचे केस बॅजरसारखे रंगवून ब्रश बनवले गेले. ते नीट निर्जंतुक केलेले नसत. त्यातून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना आणि साध्या लोकांनाही काळपुळी झाली, माणसं दगावली. त्यानंतर केस निर्जंतुक केल्याचं मुठीवर छापायची पद्धत पडली. जुने केस काढताना मी तोंडाला मास्क बांधते आणि ते ठेवत नाही, ते यासाठी.

आता निवड. पहिला प्रश्न केस कुणाचे. बॅजर हा बिळं खणणारा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा प्राणी. त्याचे केस मऊ, पाणी भरपूर धरतात, महाग असतात आणि बहुतेक चीनमधून येतात. डुकराचे केस ताठ. आधी काही मिनिटं पाण्यात भिजवावे लागतात, आणि महिनाभर वापरल्यावर टोकं फुटून मऊ होतात. तिसरे कृत्रिम धाग्याचे. पूर्वीचे नायलॉनचे फार राठ असत, आताचे टोकाला निमुळते आणि मऊ येतात, भिजवावे लागत नाहीत, लगेच वाळतात.

आजोबांच्या ब्रशचे केस डुकराचे होते. आजोबा लढाईवरून आल्यावर माळकरी झाले, हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे. मला वाटलं, हे बाबांना कसं सांगायचं? शेवटी फोनवर सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना ठाऊक होतं की. म्हणून तर तो ब्रश देवघराच्या भिंतीला कधी ठेवू दिला नाही." लहानपणी त्या फळीवरून मी पुष्कळ बोलणी खाल्ली होती, कारण आज कळलं.

मला अर्थातच सगळ्यात भारी बॅजर हवा होता, २६ मिलिमीटर जाडीचा. आपल्या बाबांसाठी आहे, मग कशाला कमी करायचं! नशीब, मागवण्याआधी व्हर्निअर लावला. (कार्यानुभवाचे सर समोर बसलेत, त्यांना बरं वाटेल.) मुठीच्या गळ्याची बाहेरची जाडी २७, खळगा २१. सव्वीसचा झुबका घालायचा तर भिंत कागदासारखी उरली असती. जुनं कॅटालिन तसंही तडकतं. आणि ही मूठ तडकली तर दुसरी कुठून आणायची? तेव्हा कोरायचंच नाही असं ठरवलं. झुबका २० मिलिमीटरचा. अर्धा-एक मिलिमीटर मोकळा हवा, चिकटवायला.

बॅजर रद्द व्हायला दुसरंही कारण होतं. तो इतकं पाणी धरतो की हाताला जोर नसला तर ते कोपरापर्यंत ओघळतं. डुकराचे केस भिजेपर्यंत बाबांनी एका हाताने टेकून उभं राहायचं, हेही जमण्यासारखं नव्हतं. राहिला कृत्रिम. जुन्या ब्रशच्या शौकिनांना हे पटणार नाही. त्यांच्या मते जुन्या मुठीत जुन्या जातीचेच केस हवेत. ब्रश कपाटात ठेवायचा असता तर मीही तेच केलं असतं.

शेवटचं माप म्हणजे केस मुठीच्या वर किती दिसायचे. झुबका तोच, पण खोल बसवला तर ताठ लागतो, वर घेतला तर लवतो. मुठीतला खळगा गरजेपेक्षा खोल होता, तळाशी भर घालावी लागणार होती. लोक वायसर घालतात. माझ्याकडे आईने दिलेल्या बटव्यात चार आण्याची स्टीलची नाणी होती. १९८८ नंतरचं ते नाणं १९ मिलिमीटरचं, २१च्या खळग्यात अलगद बसतं. २०११पासून ती चलनातून गेली, त्यामुळे खर्चाचाही प्रश्न नव्हता. दोन नाणी टाकली, केस ४६ मिलिमीटर वर राहिले. माझ्या तळहातावर फेस काढून बघितला. छान दाट, भरीव. पक्क्या एपॉक्सीऐवजी थोड्या सिलिकॉनवर बसवला, म्हणजे पुढेमागे पिळून काढता येईल.

परवा इथे आल्यावर बाबांच्या हातात दिला. त्यांनी खुर्चीत बसून, आरसा मांडीवर घेऊन एकट्याने दाढी केली. चाळीस मिनिटं लागली. आई दाराआड उभी होती, मी तिच्यामागे. कुणी आत गेलं नाही. झाल्यावर बाबांनी ब्रश धुतला, झटकला, आणि म्हणाले, "मऊ आहे गं. पण वळत नाही. दाबावा लागतो."

चूक माझी. मी ताठपणा माझ्या हाताच्या जोराने तपासला होता. आमच्या धंद्यात याला ‘माझ्या मशीनवर तर चालतं’ म्हणतात आणि असं म्हणणाऱ्या पोराला मी स्वतः फैलावर घेते. झुबका चारेक मिलिमीटर वर घ्यायला हवा, पन्नासपर्यंत. म्हणजे अजून तीन नाणी. बटव्यात आता एकच उरलंय.

तेव्हा सर, बाई, मित्रांनो, कुणाच्या घरी जुन्या डब्यात स्टीलचे चार आणे पडले असतील, तर मी गुरुवारपर्यंत गावात आहे.