बॉल वळतो तो कशानं

आभाळ भरून आलं की बॉल स्विंग होणार, हे समालोचनात इतक्यांदा ऐकू येतं, की विदर्भातल्या कामरगाव-कारंजाकडच्या कोरड्या हवेत स्विंग शिकून काय उपयोग, असं इथल्या मुलाला वाटावं. मला हे मान्य नाही. बॉलचं वळण आभाळात नसतं, बॉलच्या अंगावर असतं.

शिवण किंचित तिरकी धरून टाकलेला नवा बॉल घ्या. गुळगुळीत चामड्यावरून जाणारी हवा त्याला लवकर सोडते. शिवणीच्या बाजूची हवा मात्र ढवळली जाते, अधिक वेळ बिलगून राहते आणि मागून वळून जाते. बॉलनं हवेला एकीकडे लोटलं की हवा त्याला दुसरीकडे लोटते, आणि बॉल शिवण रोखलेल्या दिशेला सरकतो. फुटबॉलमध्ये हे काम फिरकी करते. ३ जून १९९७ ला लिऑनमध्ये ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसनं सुमारे ३५ मीटरवरून मारलेली फ्री किक भिंतीच्या उजवीकडून निघाली आणि डावीकडे वळत जाळ्यात शिरली. टेनिस बॉल फिरकीनं असाच वळतो, हे न्यूटननं १६७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. टेनिस बॉलवर खेळणाऱ्या आपल्या पोरांनाही ती वाट मोकळी आहे.

मग इंग्लंडात ढगांखाली बॉल का वळतो? दमट हवा जड असते म्हणून, असं सांगतात. पण पाण्याची वाफ कोरड्या हवेहून हलकी असते. प्रयोगशाळेत दमटपणा बदलून पाहिला, तरी वळण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. ओल्या, गवताळ मैदानावर बॉलची चकाकी आणि शिवण टिकते, हे कारण मला अधिक पटतं. शिवाय समुद्रापासून दूर असलेल्या इंदूरला, डिसेंबर २०१७ मध्ये, विदर्भाचा स्विंग गोलंदाज रजनीश गुरबानीनं रणजी अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली. तिघेही त्रिफळाचीत झाले आणि विदर्भानं पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

उलट कोरडी, खरखरीत जमीन बॉलची एक बाजू लवकर खरवडते. दुसरी बाजू पुसून चकचकीत ठेवली आणि हाताला वेग असला, की बॉल नेहमीच्या विरुद्ध दिशेला जातो. हाच रिव्हर्स स्विंग. नागपूर जिल्ह्यातल्या खाणकामगाराच्या मुलानं, वेगवान गोलंदाज उमेश यादवनं, मायदेशातल्या खेळपट्ट्यांवर त्याचा मोठा उपयोग केला. नव्या बॉलला त्यासाठी ताशी १३५ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त वेग लागतो, खरवडलेल्याला कमीही पुरतो.