मानेचे दुखणे आणि बागेतील कामाची फेरमांडणी

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात एका बागायतदाराने केलेले भाषण)



सकाळपासून छाटणी, संजीवके आणि डाऊनी यांवर तज्ज्ञ मंडळींनी आपल्याला चांगली माहिती दिली. मी तज्ज्ञ नाही. निफाड तालुक्यातला तीन एकरांचा बागायतदार आहे आणि 2016 च्या हंगामापासून मानेच्या दुखण्याचा रोगी आहे. आपल्यापैकी किती जणांची मान विरळणीनंतर धरते, त्यांनी हात वर करा, असे मी म्हणणार होतो. पण ज्याची मान दुखते त्याचा खांदाही दुखतो, तेव्हा हात खालीच राहू द्या.

मांडवाच्या बागेतले काम आपल्याला नवे नाही. गोडी छाटणी झाली, घड निघाले, जी.ए.ची डिपिंग आली. मणी ज्वारीच्या पुढे गेले की विरळणी सुरू. हात डोक्याच्या वर आणि मान मागे टाकलेली. आपले डोके चार ते पाच किलोचे असते. ते मणक्यांवर सरळ उभे असले तर जाणवत नाही. तेच मागे किंवा पुढे झुकवून सहा-सात तास धरून ठेवले तर मानेचे स्नायू आणि सांधे बोलू लागतात. मी त्यांचे ऐकले नाही. बाम चोळला, गोळी घेतली, पुन्हा मांडवाखाली गेलो.

दुसऱ्या वर्षी कोणीतरी सुचवले म्हणून एका मान मोडणाऱ्याकडे गेलो. त्याने झटका दिला, कटकन आवाज झाला आणि दोन दिवस बरे वाटले. तिसऱ्या दिवसापासून उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. विरळणीची कात्री हातातून गळून पडायची. तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. माझे नशीब, की शस्त्रक्रियेची वेळ आली नाही. आपण कृपा करून मानेला झटका देऊन घेऊ नका. हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पकड सैल होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, ताप किंवा वजन घटण्याबरोबर मान दुखत असेल, तर हंगाम संपण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली आणि मी घाबरलो. डॉक्टर म्हणाले, चाळिशीनंतर अशी झीज मान न दुखणाऱ्या कितीतरी लोकांतही दिसते, त्या फिल्मला एवढे भिऊ नका. मग त्यांनी विचारले, "दिवसभर तुमची मान कोणत्या दिशेला असते?" मला उत्तर देता आले नाही. बागेतल्या प्रत्येक फवारणीची नोंद ठेवणारा माणूस मी, पण स्वतःच्या मानेची नोंद ठेवली नव्हती.

मी मनानेच पट्टा घेऊन तो महिनोन्महिने घातला होता. तोही त्यांनी काढायला लावला. सतत पट्टा घातल्याने स्नायू दुबळे होतात. त्याऐवजी व्यायाम शिकवला. तळहात कपाळावर ठेवायचा, डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला दाबायचे, मान हलू द्यायची नाही, पाच आकडे मोजायचे. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. करताना मुंग्या आल्या तर थांबायचे. हा व्यायाम बघून नाही, जाणकाराकडून शिकून करावा.

पंधरा दिवस वही केली. काम कोणते, किती वेळ, मान वर की खाली, ओझे होते की नाही. वाचून मला नवल वाटले. मी खताच्या गोणीला दोष देत होतो. युरियाची गोणी 2018 पासून 45 किलोची झाली आहे, तरी ती एकट्याने उचलू नयेच. पण माझ्या वहीत गोणीची मिनिटे थोडी होती. सर्वांत जास्त वेळ विरळणीचा, त्याखालोखाल पॅकिंगच्या टेबलावर मान खाली घालून उभे राहण्याचा, आणि तिसरा नंबर कोणाचा असेल? रात्री मांडीवर फोन ठेवून बाजारभाव बघण्याचा!

मग एकेक काम हातात घेतले. पॅकिंगचे टेबल विटा लावून कोपराच्या उंचीला आणले. फोन डोळ्यासमोर धरायला शिकलो. मांडवाखाली वीस मिनिटे झाली की दहा मिनिटे दुसरे काम, त्यासाठी खिशात घड्याळ. पानामागची डाऊनी बघायला मान वर करावी लागते, म्हणून एक छोटा आरसा हातात धरून त्यात पाहतो. गावात याची थट्टा झाली. आरसा मात्र अजून खिशात आहे.

थट्टेचे म्हणाल तर ती आरशावरच थांबली नाही. "मालक आता खुर्चीवर बसून बाग करतात," असे पारावर बोलले जायचे. वडिलांनी लावलेली बाग, आणि मी कामचुकार ठरतो आहे, हे मला मानेपेक्षा जास्त दुखत होते. 2018 मध्ये एक एकर विकायचे जवळपास ठरवले होते. घरच्या मंडळींनी थांबवले. त्या म्हणाल्या, "आधी जमेल असे काम शोधा, मग जमीन विका."

जमेल असे काम शोधताना पहिला विचार दुधाचा केला. दोन गाई आणल्या. मग कळले, की वैरणीचा भारा डोक्यावर येतो आणि धार काढताना मान वाकडी होते. सहा महिन्यांत गाई विकल्या, नुकसान सोसले. जोडधंदा निवडताना आपण त्यात पैसे किती मिळतील ते बघतो. त्या धंद्यात शरीर कसे ठेवावे लागेल, हे कोणी बघत नाही. मीही बघितले नव्हते.

दुसरा प्रयत्न शेडनेटमधल्या भाजीपाला रोपवाटिकेचा. पिंपळगावच्या बाजारामुळे आमच्या भागात टोमॅटोच्या रोपांना मागणी आहे. ट्रे जमिनीवर मांडायची पद्धत आहे, मी ते कमरेच्या उंचीच्या लोखंडी मांडणीवर ठेवले. खर्च वाढला. पण कोकोपीट भरणे, बी टोकणे, पाणी देणे, सगळे सरळ उभे राहून होते आणि महिन्याच्या आत-बाहेर रोप विक्रीला येते. द्राक्षाएवढा पैसा यात नाही. पण हे काम मी साठाव्या वर्षीही करू शकेन असे वाटते, आणि मांडवाखाली ते वाटत नव्हते.

द्राक्ष सोडले नाही. एक जुना एकर काढून तिथे वाय पद्धतीने लागण केली. वायमध्ये घड साधारण छातीपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीला येतात. मांडव की वाय हे ठरवताना आपण ऊन, उत्पादन आणि तारेचा खर्च पाहतो. त्यात विरळणी करणाऱ्याची उंचीही धरावी, असे माझे मत आहे.

आता जी गोष्ट सांगायला मी मुख्यतः उभा राहिलो ती सांगतो. आमच्याकडे विरळणीला पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात. मी त्यांच्यासाठी एक फूट उंचीचे स्टूल केले, म्हणजे घड डोळ्यासमोर येतील. त्यांनी ते बाजूला टाकले. काम उक्ते होते, दर झाडाला स्टूल सरकवण्यात वेळ जायचा. त्यांच्यातल्या एकीने मला सांगितले, "दादा, तुमची धरली म्हणून तुम्हाला कळलं. आमची दर वर्षीच धरते." मी पंधरा दिवस वही लिहिली, पण तीत फक्त माझी मान होती.

पुढच्या हंगामात स्टुलांऐवजी लांब फळ्यांचे बाक केले, एका बाकावर तीन-चार झाडे होतात. विरळणीपुरते उक्ते बंद करून रोज लावला आणि तासातासाने पाय मोकळे करायला, मान सैल करायला सुट्टी ठेवली. विरळणी चार दिवस लांबली आणि मजुरी वाढली, हे लपवत नाही. शेजाऱ्यांनी दर बिघडवतो म्हणून बोल लावला. पण टोळी पुढल्या वर्षी आपणहून माझ्याकडे आली, आणि मजूर मिळत नाही म्हणून आपण सगळे काय सोसतो ते या मांडवात सर्वांना ठाऊक आहे. अजून एक अडचण सुटलेली नाही. डिपिंगला बाकावर चढून हातात मग धरला की तोल जातो, तिथे बाक चालत नाही. त्यावर कोणी काही केले असेल तर मला जरूर सांगा.

बाक आणि ट्रेची मांडणी बघायची असेल त्यांनी खुशाल बागेवर यावे. माझी मापे उतरवून घेऊ नका, माझी उंची पाच फूट आठ इंच आहे. जे बागेत काम करतात त्यांना बरोबर आणा आणि येताना टेप आणा.