कोनशिला नसलेले काम
(मंडळाच्या देवगाव फाटा येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘लोकप्रतिनिधी आणि आपल्या अपेक्षा’ या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने मला केली आहे. या विषयावर बोलावयास आपल्याकडे कोणासही तयारी करावी लागत नाही. सेलूची, जिंतूरची किंवा मंठ्याची गाडी येईपर्यंत या फाट्यावरील चहाच्या टपरीवर जे बोलणे चालते, ते बहुधा याच विषयावर असते. रस्त्याचे खड्डे, पीकविमा, सोयाबीनचा भाव, निवडणुकीपुरते दिसणारे पुढारी, या तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु त्या बोलण्यात ज्यांचे नाव मी आजवर एकदाही ऐकले नाही, त्या मुलांविषयी मी आज बोलणार आहे. ती मुले म्हणजे स्वमग्न मुले होत.

मूल वर्षाचे झाले तरी हाकेला मान वळवीत नाही. दीड वर्षाचे झाले तरी बोट दाखवून ‘ते बघ’ असे सांगत नाही. आलेले दोन-चार शब्दही पुढे लोपतात. तासन्‌तास एखादे चाक फिरवीत बसते, आणि कुकराच्या शिट्टीने कानांवर हात ठेवून आक्रंदते. घरातील माणसे प्रथम म्हणतात, बहिरे असेल. मग म्हणतात, याचा आजाही उशिराच बोलला होता. मग नवस होतात, गंडेदोरे होतात आणि अखेर सारा दोष आईच्या माथी येतो. या अवस्थेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर या वैद्याने अमेरिकेत १९४३ साली केले. आईच्या मायेच्या अभावी असे होते, हे मत पुढे काही काळ विद्वानांतही बोकाळले होते. ते सपशेल खोटे ठरले. लसीमुळे असे होते, हा १९९८ सालचा प्रवादही तसाच. ज्या नियतकालिकाने तो निबंध छापला त्यानेच तो २०१० साली मागे घेतला. ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नता आहे. ती औषधाने जात नाही. परंतु दोन-तीन वर्षांच्या वयात ओळखली आणि नित्य शिक्षण मिळाले, तर पुष्कळ मुले बोलू लागतात, स्वतःचे स्वतः करू लागतात, काही तर उत्तम शिकतात. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १२७ व्यक्तींमागे एक असा आहे. आपल्या मंडळाची कुटुंबसंख्या मनात धरून ज्याने त्याने हिशेब करावा.

आता राज्यकर्त्यांकडे वळतो. त्यांनी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांमध्ये त्यास स्थान मिळाले. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यानुसार तपासणी पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा जावयाचे, आणि संशयित मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे धाडावयाचे. २०२२ साली महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खातेही काढले. कागदावर, म्हणजे, उणे फारसे नाही.

मग उणे कोठे आहे? माझ्या मते मर्म असे की, या मुलांचे काम कोनशिला बसविण्याजोगे नाही. सभामंडपाला कोनशिला लागते, स्वागतकमानीला लागते. तीनचाकी सायकल वाटता येते आणि वाटताना छायाचित्र निघते; ज्यास पाय नाहीत त्यास ती मिळावी, याविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु स्वमग्न मुलाच्या हातात काय देणार? त्यास वस्तू नको आहे, माणूस हवा आहे. बोलणे शिकविणारा वाचातज्ज्ञ हवा, विशेष शिक्षक हवा, आणि तो एक दिवसाच्या शिबिरापुरता नव्हे, तर आठवड्यातून कित्येकदा, वर्षानुवर्षे हवा. अशा माणसाचा पगार म्हणजे न संपणारा खर्च, आणि त्याचे उद्घाटन होत नाही. भरीस भर म्हणजे हे मूल मोजलेच गेलेले नाही. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे रकाने होते, त्यांत स्वमग्नतेचा रकाना नव्हता. जे मोजले नाही, ज्यास मत नाही आणि जे स्वतः बोलत नाही, त्याच्या दारी कोण येणार?

मागितल्यावाचून मिळत नाही, याची दोन उदाहरणे सांगतो. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीस माजी आमदार बच्चू कडू यांनी उपोषण केले. त्यांच्या मागण्यांत दिव्यांगांच्या मानधनाची वाढ होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार योजनेतील दिव्यांगांचे अनुदान दरमहा १५०० रुपयांवरून २५०० रुपये केले. दुसरे उदाहरण घरचेच. परभणीस वैद्यकीय महाविद्यालय हवे म्हणून जिल्हा रस्त्यावर उतरला, आणि २०२३ साली ते सुरू झाले. सर्व पक्षांचे लोक त्या मागणीत एकत्र होते. स्वमग्न मुलांसाठी असा एकही मोर्चा या रस्त्यावरून गेलेला माझ्या पाहण्यात नाही.

मराठवाड्यात काही झालेच नाही असे नव्हे. छत्रपती संभाजीनगरात ‘आरंभ’ ही संस्था या मुलांसाठीच काम करते. परंतु येथून जालना ओलांडून तेथे जावयाचे, तर रोजंदारीवर पोट असलेल्या आईने आठवड्यातून किती दिवस मजुरी बुडवावी? एक तर घर विकून शहरात जावे, नाही तर मुलाला खोलीत ठेवावे, असे दोनच मार्ग तिच्यापुढे उरतात. खोलीत ठेवण्याचा मार्ग आपल्या समाजात किती घरांनी पत्करला आहे, हे आपणांस ठाऊक आहे.

येथे मला थोडे कडू बोलावयाचे आहे. वडीलधाऱ्यांनी रागावू नये. आपले शिष्टमंडळ जेव्हा जेव्हा आमदार-खासदारांकडे गेले, तेव्हा आपण काय मागितले? समाजमंदिर मागितले, त्यास संरक्षक भिंत मागितली. त्यांनी ती दिली आणि कोनशिला बसविली. ज्या घरात असे मूल आहे त्या घराची मुलगी करून घेताना आपण काय विचारतो, हेही आठवावे. सोयरीक मोडेल या भयाने आईबाप मुलास लपवितात. लपविलेल्या मुलाचे प्रमाणपत्र निघत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणून सरकारदप्तरी ते मूलच नाही. पुढाऱ्याच्या दुर्लक्षाला आपणच आडोसा उभा करून दिला आहे.

म्हणून यंदाच्या सभेपुढे मी एक ठराव मांडीत आहे. मंडळाने या वर्षी एकही बांधकाम मागू नये. जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात कोणती पदे मंजूर आहेत व त्यांतील किती भरली आहेत, हे लेखी विचारावे. उमेदवार मत मागावयास येतील तेव्हा तीच यादी त्यांच्या हाती द्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांवर खर्चावयाचे असतात. त्याचा हिशेब प्रत्येक सभासदाने आपापल्या ग्रामसभेत मागावा. वधुवर मेळाव्याच्या परिचयपत्रकातून ‘घरात कोणी अपंग आहे काय’ हा प्रश्न काढून टाकावा. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून अठरा वर्षांवरील मुलास कायदेशीर पालक नेमून घेता येतो, ही माहिती पत्रक काढून घरोघर पोचवावी. ‘आमच्या मागे याचे कोण?’ हा प्रश्न उशाशी घेऊन निजणारी माणसे या मंडपातही बसलेली आहेत.

प्रवेशद्वाराजवळील मेजावर एक नोंदवही ठेवली आहे. तीत नाव लिहू नये. गाव आणि मुलाचे वय, इतकेच लिहावे. भोजनाची पंगत उठेपर्यंत ती तेथे राहील.