घरचा ऑक्सिजन आणि विम्याचा कागद

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला "पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा" असं सुचवलं होतं. पण आठवणी सगळ्यांकडेच आहेत, म्हणून मी आज जरा कामाचं बोलते. आपण खांडबाऱ्यात घरं बांधली तेव्हा संध्याकाळी रस्त्यावर मुलांचं क्रिकेट चालायचं. ती मुलं आता सुरत-पुण्याला आहेत, आणि फाटकापर्यंत जाताना मध्ये थांबून दम खाणारे आपण इथे आहोत.

आमच्या यांचा दमा तुम्हा सगळ्यांना माहीत होता. तीन वर्षांपूर्वी तो फार वाढला आणि सुरतला आठ दिवस ॲडमिट करावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "आता रोज किमान १५ तास ऑक्सिजन लागेल." मुलाने त्याच दिवशी ४२ हजारांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घेतलं. हवेतूनच ऑक्सिजन वेगळा करून देणारं ते मशीन. मी निर्धास्त होते. अकरा वर्षं हप्ता भरला होता, विमा देईलच!

हॉस्पिटलचं बिल कॅशलेसमध्ये गेलं. नंतरची औषधं आणि तपासण्या यांचेही पैसे आले. मशीनचा क्लेम मात्र नामंजूर झाला. मी चिडले, दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग चष्मा लावून पॉलिसी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. चूक आमचीच होती. तिथे सगळं लिहिलेलं होतं.

विमा मुख्यतः हॉस्पिटलातल्या उपचारांचा असतो. पॉलिसीच्या मागे न मिळणाऱ्या वस्तूंची ६८ नावांची यादी असते. तिच्यात वॉकर-काठी, नेब्युलायझर किट, कमरेचा पट्टा, एअर बेड, इतकंच काय थर्मामीटरसुद्धा आहे. "हॉस्पिटलबाहेर वापरायचा ऑक्सिजन सिलिंडर" असंही स्पष्ट लिहिलेलं आहे. घरी उपचार घेण्याचं एक कलम बऱ्याच पॉलिसींत असतं. रुग्णाला हलवणं शक्य नसेल किंवा हॉस्पिटलात जागा नसेल, तर ते लागू होतं. पण अनेक पॉलिसींत नेमका दमा त्यातून वगळलेला असतो.

मग विमा घरच्या उपकरणाचे पैसे कधीच देत नाही का? देतो, पण तसं लिहिलेलं असेल तरच. करोनात २०२० साली 'कोरोना कवच' पॉलिसी आली. तिच्यात घरी उपचार घेणाऱ्याला १४ दिवसांपर्यंत ऑक्सिमीटर, ऑक्सिजन सिलिंडर आणि नेब्युलायझर यांचा खर्च मिळत होता. आता काही पॉलिसींत जादा हप्ता भरून अशा उपकरणांचं संरक्षण घेता येतं. केंद्र सरकारच्या पेन्शनरांना सीजीएचएसमधून आणि माजी सैनिकांना ईसीएचएसमधून अशी मशीन नियमाप्रमाणे मिळू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हॉस्पिटलचे उपचार मोफत होतात, पण घरच्या मशीनसाठी तिच्यावर विसंबू नका.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आधी विचारा आणि मग विकत घ्या. डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच डॉक्टरांकडून लिहून घ्या: आजार कोणता, उपकरण कोणतं, रोज किती तास आणि किती महिने. डिस्चार्ज कार्डावरही तेच यायला हवं. तो कागद विमा कंपनीला ईमेलने पाठवा आणि उत्तरही लेखी मागा. फोनवरचं "हो, हो, मिळेल" पुढे उपयोगाला येत नाही. बिल पक्कं आणि रुग्णाच्या नावाचं घ्या. मशीन थोड्या दिवसांपुरतं लागणार असेल तर भाड्याने बघा.

क्लेम नाकारला तर कोणत्या कलमाखाली नाकारला ते लेखी मागा. पॉलिसीत असूनही नाकारला असेल तर कंपनीकडे तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करा. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. मी केला नाही, कारण माझ्या पॉलिसीत ते नव्हतंच. उगाच भांडण्यात अर्थ नव्हता.

आणखी एक गोष्ट पॉलिसीत सापडणार नाही. हे मशीन विजेवर चालतं. पावसाळ्यात आपल्याकडे लाईट गेली की माझ्या पोटात गोळा यायचा. शेजारच्या भाऊंनी स्वतःच्या इन्व्हर्टरची वायर कुंपणावरून आमच्या खिडकीपर्यंत आणली होती. एका रात्री त्यांच्या घरी पंखा बंद होता आणि आमच्याकडे मशीन चालू होतं. ते कोणत्या कलमात बसतं, सांगा!

करोनात नंदुरबारला तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी वेळ येण्याआधीच ऑक्सिजन प्लांट उभे केले होते. बाकी ठिकाणी धावपळ चालली होती तेव्हा आपल्या जिल्ह्याला त्याचा आधार झाला. तीच गोष्ट छोट्या प्रमाणात आपल्यालाही करता येईल.

मागच्या वर्षी हे गेले. मशीन सर्व्हिसिंग करून ठेवलं आहे आणि चालू आहे. ते मी आज संस्थेला देते. सोबत त्यांचा वॉकरही आहे. ऑफिसातलं एक कपाट रिकामं करा आणि एक रजिस्टर ठेवा. कुणी काय नेलं, कधी परत आणलं, याची नोंद होऊ द्या. कुणाच्या माळ्यावर व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, एअर बेड पडून असेल तर तेही आणा. फक्त डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय ऑक्सिजनचं मशीन कुणाला देऊ नका. तेसुद्धा औषधच आहे, कमी-जास्त करणं आपलं काम नाही.

आणि आज घरी गेल्यावर पॉलिसीची फाईल काढा. झोपण्याआधी मागची चार पानं वाचा. काही अडलं तर माझ्याकडे या, चहा टाकते, आपण मिळून वाचू.